हवाबंद कपाटातली फौज

दादाने आयुष्यभर एकच लढाई लढली. तीसुद्धा रविवारी दुपारी साडेतीनला, बडोद्याच्या मांजलपुरातल्या त्याच्या टेनामेंटच्या, म्हणजे रांगेतल्या छोट्या घराच्या, पुढच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर. शत्रू मी. त्याच्या कारखान्यातले दोन-तीन मित्र एकेकदा येऊन, "वाह, जोरदार छे!" म्हणून चहा पिऊन गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. वहिनीने पहिल्याच दिवशी फाशाला हात लावायला साफ नकार दिला. राहिली धाकटी बहीण, जी त्याच सोसायटीत दोन ओळी मागे राहते आणि जिला रविवारी दुपारी दुसरं काही काम नसतं असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं होतं. अशा रीतीने मी पंचवीस वर्षं इंग्रज होते.

हा खेळ काय असतो ते सांगितलं पाहिजे, कारण बडोद्यात तो आमच्या घराबाहेर कुणी खेळत असेल असं मला वाटत नाही. खरोखर झालेली एखादी जुनी लढाई घ्यायची. तिचं मैदान टेबलावर मांडायचं. दोन्हीकडच्या फौजा म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे रंगवलेले शिपाई, आणि ते पट्टीने इंच मोजून हलवायचे. पायदळ चार इंच, घोडदळ आठ. गोळी लागली की नाही हे फासा ठरवतो. एखाद्या पलटणीतला तिसरा हिस्सा आडवा झाला की तिचा 'धीर' बघायचा, म्हणजे पुन्हा फासा. आकडा कमी पडला तर पलटण पळत सुटते. डाव चार तास चालतो आणि तेवढ्या वेळात चहा तीनदा होतो. दादाला हे सगळं लायब्ररीतल्या एका परदेशी मासिकात सापडलं. त्यात टक्कल पडलेले गोरे म्हातारे टेबलाभोवती वाकून उभे होते, आणि मला वाटलं होतं की हे वेड महिनाभरात उतरेल.

आमची लढाई अडासची. मराठी माणूस म्हटल्यावर पानिपत हवं, असं मीही त्याला म्हटलं होतं. तो म्हणाला, पानिपतला जायला दोन दिवस लागतात, अडासला पॅसेंजरने तासाभरात पोचतो. पेशव्यांच्या घरातल्या भांडणात इंग्रज पडले, एका बाजूचे झाले, आणि मही नदीच्या पलीकडे त्या गावाजवळ पुण्याच्या फौजेशी त्यांची गाठ पडली. गायकवाडांच्या घरातलेही दोन्हीकडे होते. इंग्रज जिंकले, पण मार भरपूर खाल्ला. ती लढाई पुण्याच्या फौजेने जिंकायला हवी होती असं दादाचं ठाम मत होतं आणि ते सिद्ध करायला त्याने मला इंग्रज केलं होतं.

आम्ही दोघं एकदा तिथे गेलोही. तंबाखूची शेतं आणि थोराची, म्हणजे निवडुंगाची, कुंपणं, बाकी काही नाही. दादा दोरी घेऊन कुंपणांमधलं अंतर मोजत होता आणि मी वहीत आकडे लिहीत होते. शेताचा मालक बराच वेळ बांधावर उभा राहून बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "शुं खोवायुं छे, भाई?" काय हरवलंय? दादा म्हणाला, "लडाई." त्या माणसाने आम्हाला घरी नेऊन ताक पाजलं. माझी समजूत अशी की त्याला आमची दया आली.

शिपाई विकत मिळायचा प्रश्नच नव्हता. दादा ते स्वतः घडवायचा. बाजवा गावाच्या बाजूला तेलशुद्धी कारखान्यात तो यंत्रांचे काटे दुरुस्त करायचा, त्यामुळे बारीक काम हातात बसलेलं होतं. नळाची गळती बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, मळून तो एक शिपाई कोरायचा, त्याचा रबरी साचा करायचा आणि शिसं वितळवून ओतायचा. पहिलं शिसं त्याने एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलं, जुन्या खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या अक्षरांच्या ठशांचं. त्यातून माझे इंग्रज झाले. धातू कडक, पण भाले करायला गेलं की काटकन मोडायचे. मग भंगारबाजारातून जुन्या टेलिफोन केबलीवरचं मऊ शिसं आणलं. ते वाकायचं, मोडायचं नाही. त्यातून त्याची स्वतःची फौज झाली: घोडदळ, तोफा, बैल, उंट, सगळी. वहिनीने शिशाची कढई बघितली त्या दिवशी त्याला स्वयंपाकघरातून हाकललं. "अगाशीत जाऊन मर ने!" असं ती म्हणाली आणि पुढची सगळी ओतकामं गच्चीवर झाली.

आणि मग रंगकाम. एका घोडेस्वाराला दोन आठवडे. डोळ्याला भिंग, हातात चार केसांचा ब्रश. दोनशेच्या वर शिपाई होते आणि दोघांचे चेहरे सारखे नव्हते. आमच्या अर्ध्या नातेवाइकांना त्याने त्यात भरती केलं होतं. आमचे एक रागीट काका तोफेजवळ बत्ती घेऊन उभे होते, ते इतके हुबेहूब की खुद्द काका घरी आले की ती तोफ लपवावी लागायची. फोटो मात्र तो काढू द्यायचा नाही. फोटोत सगळे खेळण्यातले दिसतात म्हणे. मी हसायचे. ते खेळण्यातलेच होते, हे त्याला सांगायची सोय नव्हती.

एक नियम त्याचा स्वतःचा होता, कुठल्या मासिकातला नाही. डाव संपला की आडव्या पडलेल्या शिपायांना उभं करून खोक्यात ठेवायचं काम मारणाऱ्याचं. माझे मेलेले तो उचलायचा, त्याचे मेलेले मी. त्यामुळे जिंकणाऱ्याला उशिरापर्यंत बसावं लागे, आणि वर्षानुवर्षं तो बसत आला, कारण मी बहुतेक वेळा हरत असे.

मग मी जिंकायला लागले. आधी एखादा रविवार, मग लागोपाठ. माझी उजवी फळी त्याच्या डाव्या बाजूने सरकत जायची आणि तो तिकडे बघायचाच नाही. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी मला लढाई कळायला लागली. शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंना मी हे फुशारकीने सांगितलंही. चार-पाच महिन्यांनी दादा स्कूटरवरून पडला, बाजूने येणारी रिक्षा त्याला दिसली नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला. दृष्टी कडेकडून आत येत विझते, गेली ती परत येत नाही, राहिली ती थोपवायची. डॉक्टर बोलत होते आणि मी माझ्या जिंकलेल्या रविवारांचा हिशेब करत होते. आजही ते आठवलं की मला माझी शरम वाटते.

राहिली ती थोपवता आली नाही. थेंब घातले, ऑपरेशन झालं, तरी पाच वर्षांत सगळं गेलं. दादा रडला वगैरे नाही. तो चिडका झाला, मग गप्प झाला, मग एका रविवारी म्हणाला, "इंग्रज, टेबल मांड." छोटा डाव, दोन्हीकडे वीस-वीस शिपाई, एका चपट्या डब्यात ठेवलेले. तो हुकूम द्यायचा, मी दोघांचे शिपाई हलवायचे. एखादा हातात घेऊन अंगठ्याने चाचपला की तो कोण ते सांगायचा, घोड्याच्या मानेवरून, पागोट्याच्या पिळावरून, रंग कुठे जाड लागलाय त्यावरून. त्याच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरतं काहीतरी परत यायचं. बाकीची मोठी फौज उघड्या मांडणीवर होती. एकदा त्याने तिच्यातला एक स्वार उचलला आणि बोटं चोळत म्हणाला, "धूळ आहे गं ह्यांच्यावर. मला साफ करता येत नाही आता."

हे वाक्य मी मनाला लावून घेतलं. मी नेहमीच सगळं नको तितकं मनाला लावून घेते आणि मग कामाला लागते. मिस्त्री बोलावला. प्लायवूडचं कपाट सांगितलं, भक्कम दारांचं, काच नको कारण उन्हाने रंग उडतो. दारांना सगळीकडून रबराची पट्टी, सांध्यांत सिलिकॉन. धूळ नको, पावसाळ्याची ओल नको. मिस्त्री म्हणाला, "बेन, हवा पण अंदर नहीं जाय, एवुं बनावी आपीश." मी म्हटलं, हवाही आत जाणार नाही, अगदी असंच करून हवं. कपाट आलं तेव्हा त्याला व्हिनेगारसारखा आंबूस वास येत होता. मला तो नवेपणाचा वास वाटला. दादाने दारावरून हात फिरवला आणि पुढे घरी येईल त्याला सांगत राहिला, "हे बहिणीने करून घेतलंय माझ्या फौजेसाठी."

मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं.

ते कपाट फक्त खंडेनवमीला उघडायचं ठरलं होतं. पूर्वीपासून त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांबरोबर दादाच्या फौजेलाही हळदकुंकू असे. वहिनी कुरकुरत का होईना एक फूल तोफेपाशी ठेवायची. मधला एक दसरा तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये गेला. पुढच्या खंडेनवमीला मी दार उघडलं. रबराची पट्टी इतकी घट्ट बसली होती की दोन हातांनी ओढावं लागलं.

सगळी फौज पांढरी झाली होती. आधी मला बुरशी वाटली. एक घोडा उचलला तर त्याचे पाय फळीवरच राहिले आणि पोट फुटून आतून पीठ सांडलं. रंगाचे पोपडे गळून स्वारांच्या पायाशी पडले होते. कुणाला चेहरा नव्हता. तोफेजवळच्या काकांचा नुसता हात शिल्लक होता. वरच्या फळीवरचे माझे इंग्रज मात्र लालभडक डगल्यांत जसेच्या तसे उभे होते. छापखान्याच्या शिशात कथील आणि अँटिमनी मिसळलेलं असतं, त्याला काही झालं नव्हतं.

आणि त्याच क्षणी मला ते सगळं कळलं, पुस्तकाच्या पानासकट. शिसं, आंबट वाफ, बंद जागा. पूर्वी रंगासाठी सफेदा असाच करायचे. व्हिनेगारच्या भांड्यावर शिशाचे पत्रे ठेवायचे आणि खोली बंद करायची. मी हे फळ्यावर काढून दाखवत असे. परीक्षेला विचारत असे. उघड्या मांडणीवर धुळीत ती फौज आणखी शंभर वर्षं राहिली असती. प्लायवूडमधून, सिलिकॉनमधून झिरपणारी आंबट हवा मी स्वतः, रबराची पट्टी लावून, त्यांच्याबरोबर कोंडली होती. मी खाली फरशीवर बसले.

मागून दादा म्हणाला, "झाली का ओल वगैरे?"

"नाही," मी म्हटलं. "छान आहेत. अगदी कोरडे."

वहिनी फूल घेऊन दारात उभी होती. तिने कपाटात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फूल बाहेरच्या स्टुलावर ठेवलं. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, "सांगून टाक ने. आज ना उद्या हात घालेल तो आत." मी म्हटलं, सांगते. सांगितलं नाही. वर तिला बजावलं की ते पीठ विषारी आहे, त्याला हात लावू देऊ नका. आणि कपाटाच्या किल्ल्या मी माझ्याकडे ठेवल्या. आंधळ्या माणसाचं एकुलतं एक सुख मी आधी नासवलं आणि मग कुलूपबंद केलं.

पुढचे दोन महिने मी जे जे सुचेल ते केलं. संग्रहालयात काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन केला. ते हळहळले आणि म्हणाले, जे पीठ झालं ते पुन्हा धातू होत नाही. दोन शिपायांवर मी रंगहीन व्हार्निश चढवलं. आठवड्याभरात ते आतून फुगून तडकले. मग वाटलं, नवे ओतावेत. दादाला दिसत तर नाही. हा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. गच्चीवर जुने साचे काढले, त्यांचं रबर चिरलेलं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ओढणीने नाक बांधून मी शिसं ओतलं. पहिले दहा-बारा स्वार बिनडोक्याचे निघाले, कुणाचा घोडा अर्धाच. हात भाजला तो वेगळा. शेवटी एक बरा उतरला. तो मी कानशीने घासून, धुऊन, रविवारी दादाच्या हातात ठेवला. तो सारखा विचारत होता ना, मोठ्या फौजेतला एखादा स्वार दे म्हणून.

त्याने अंगठा घोड्याच्या मानेवरून फिरवला. मग पागोट्यावरून. मग पुन्हा मानेवरून.

"ह्याला रंग नाही," तो म्हणाला.

त्याने नख घोड्याच्या पोटाखालून फिरवलं.

"हा माझ्या साच्यातला आहे, पण मी केलेला नाही. कानस लागलीय इथे. माझ्या बाकीच्यांना काय झालं?"

मी सांगितलं. कपाट, सिलिकॉन, सफेदा, सगळं, एका दमात, वर्गात सांगावं तसं. मधेच मला रडू फुटलं आणि समीकरण अर्धंच राहिलं. वहिनीने स्वयंपाकघरातला मिक्सर बंद केला. दादा स्वार हातात धरून बसला होता. मला वाटलं ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याने स्वार टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सगळे?"

"कपाटातले, माझे सोडून सगळे."

"बाहेर काढ. एकेक करून मला सांग, आत्ता कसा दिसतो ते. छान आहे वगैरे नाही. खरं सांगायचं. आता खोटं बोललीस तर परत बोलवणार नाही तुला."

मी रबरी हातमोजे चढवले. टेबलावर जुनी चादर अंथरली आणि एकेक शिपाई कापसावर ठेवून सांगायला लागले. ह्याचं तोंड गेलंय. ह्याचा भाला आहे, हात नाही. हा घोडा बसलाय असं दिसतं, पण ते पाय गेलेत म्हणून. दादा ऐकत होता आणि प्रत्येकाचं सांगत होता: ह्याचं पागोटं केशरी होतं, ह्याच्या ढालीवर मी चार फुल्या काढल्या होत्या, तीन की चार, हो, चार. पंचवीस वर्षं मी त्या शिपायांकडे फक्त किती इंचांवर आहेत एवढंच बघितलं होतं. ढालीवर फुल्या होत्या हे मला त्या दिवशी कळलं, ढाल गेल्यावर.

शेवटच्या फळीच्या कोपऱ्यात पखालीचा बैल होता. पाणी वाहणारा, लढाईत न उतरणारा. त्याच्यावर मी कधी गोळीही झाडली नव्हती. मी तो उचलला. पाठीवर पखाली नीट होत्या, शिंगं होती. बाकी सगळा पांढरा.

"पखालीचा बैल," मी म्हटलं.

दादा पुढे झुकला. "तो कसा आहे?"

"आकार आहे. मोडलेला नाही."

"त्याच्या झुलीचा रंग कोणता?"

मी बैल उजेडाकडे धरला. झुलीवर पीठ बसलं होतं. हातमोज्याच्या बोटाने हलकेच घासलं तर खाली रंग नव्हता, करडं शिसं होतं.

"तो मी शेवटी केला," दादा म्हणाला. "तेव्हा रंगाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या दिसत नव्हत्या. कुणाला विचारायची लाज वाटली. मला झूल लाल करायची होती. कुठली बाटली हाताला लागली काय माहीत. इतकी वर्षं तुला विचारीन विचारीन म्हणत राहिलो, आणि विचारलं नाही. कोणत्या रंगाची आहे?"

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. तिलाही आठवत नव्हतं. ती झूल लाल होती, निळी होती की शेणाच्या रंगाची, हे आता जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"लालच आहे, दादा," मी म्हटलं.

"लाल? नक्की?"

"लालभडक. तेवढीच राहिलीय नीट."

तो मागे टेकला. त्या दुपारी पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला. "म्हणजे हात चुकला नव्हता," तो म्हणाला.

"नाही चुकला," मी म्हटलं, आणि तो पांढरा बैल कापसात गुंडाळून पुढचा शिपाई उचलला.